गुरुवारचा शेवटचा भाग

“हॅलो?... हॅलो, कोण? मोठ्यानं बोल बाळा, नुसती घरघर येतेय... मल्हारी! अरे, तू होय. मुंबईहूनच ना?”

मालनबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. फोन शेजारच्या फुलाबाईंचा. त्यांनी कुंपणावरून हाक मारली तशा मालनबाई धुणं टाकून ओल्या हातांनीच आल्या होत्या. महिन्यापूर्वी याच फोनवर, याच मल्हारीनं त्यांना यादव गेल्याचं कळवलं होतं. त्यांचा एकुलता एक यादव, कावीळ होऊन गेला. टीव्हीवरच्या मालिकेत तो आणि मल्हारी मुंबईतल्या एका खोलीत राहायचे. यादव टापटिपीचा कारकून, मल्हारी पसारा घालणारा तबलजी. दोघांचं कधी पटायचं नाही आणि लोक पोट धरून हसायचे.

“जेवते... हो रे, वेळेवर जेवते... नाही, यादवच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यापासून टीव्ही नाही बघितला. फुलाबाई बोलावतात, माझाच पाय उचलत नाही... तू सांग. आवाज का असा येतोय तुझा?... काय म्हणालास? दुसरा मुलगा? यादवच्या जागी?... मालिकेतलं नाव तेच ठेवणार?... कपडे पण तेच?”

फुलाबाईंनी स्टूल पुढं सरकवलं. मालनबाई बसल्या.

“ऐकतेय ना, बोल... अरे, मालिका चालवायची तर कुणीतरी आणणारच ते. त्यांचं काय चुकलं?... फक्त एक कर. तो चष्मा त्या पोराला लावू देऊ नकोस. यादवच्या बाबांची फ्रेम आहे ती... तुझ्याकडेच आहे? आधीच काढून घेतलास?... बरं केलंस... पण तू काम सोडू नकोस हां. ऐक ना... अरे, आधी ऐक! हरसूलच्या पंचायतीत टीव्ही आलाय, तुझी आई सगळ्यांच्या पुढं जाऊन बसते, तूच सांगायचास ना? तिनं काय बघायचं मग?... माझा विचार नको करू. मी सांगते ना, कर म्हणून!... काय? काम सोडतो म्हणून सांगून टाकलंस? म्हणजे मालिका बंदच झाली?”

मालनबाईंना खरोखरच राग आला. दारोदार हिंडून पोरांना एक चांगलं काम मिळालं होतं. एक निघून गेला आणि दुसऱ्यानं ते आपल्या हातानं सोडलं.

“का रे असं केलंस? यादवला आवडलं असतं का हे?... तालीम केलीस त्या नव्या पोराबरोबर? मग?... दारावर थाप पडली... तू उठून दार उघडलंस... बरं, आणि?”

दारात तो नवा मुलगा उभा होता. त्याला नुसतं ‘ये’ म्हणायचं होतं, आणि मल्हारीच्या तोंडून ते निघेना. एवढं सांगता सांगता तारेवरून मल्हारीचा हुंदका आला.

“असू दे... असू दे रे. उगाच बोलले मी... मलाही जमलं नसतं... आं? गुरुवारी? आधीच काढून ठेवलेला भाग?... यादव आहे त्यात? काय करतो?... भांडतो तुझ्याशी? कशावरून?... चादरीवरून!” मालनबाई हसल्या, महिन्यात पहिल्यांदाच. “घरी कधी चादरीची घडी नाही घातली मेल्यानं...”

शब्द तोंडातून निघून गेला आणि त्या थबकल्या. जन्मभर लाडानं म्हणत आलेला शब्द.

“मल्हारी... आहेस ना? मला एकटीला नाही बघवणार रे. तू येशील?... इकडे, नाशिकला. आधी हरसूलला जा, आईला घे आणि ये... हो हो, ऑपरेटर ताई, वेळ संपली, कळलं, जरा थांबा की!... मल्हारी, ऐकलंस का?... काय?... येतोस? नक्की?... हॅलो?... हॅलो?”

फोन कटला होता. मालनबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

“फुलाबाई,” त्या म्हणाल्या, “गुरुवारी आम्ही तिघं येऊ तुमच्याकडे. टीव्ही लावाल ना?”