स्टेडियमला माझा विरोध

तुम्ही घरचे म्हणून सांगतो, स्टेडियमला माझा विरोध होता तो निव्वळ मल्लिनाथमुळं. आमची दोघांची चादर-टॉवेलची दुकानं समोरासमोर. आणि कुंभारी रोडला सरकारी पैशातून स्टेडियम होणार म्हणतात, तिथं गेटासमोरच नेमका याचा प्लॉट! मला जेवण गोड लागेना.

लोकांचं मत घ्यायला सभा भरली. मी उठलो आणि तावातावानं बोललो, "नळाला रोज पाणी नाही, आणि जनतेच्या पैशातून स्टेडियम कशाला?" टाळ्या पडल्या. आपल्याकडं बोलणाऱ्याचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार होतोच, तसा माझा झाला. माझं ऐकून आणखी दहा-बारा जण विरोधात बोलले. त्यांना उत्तर द्यायला तेवढेच बाजूनं उठले. प्रत्येकाला टॉवेल, प्रत्येकाला टोपी. निर्णय काही होईना, तेव्हा पुढच्या रविवारी पुन्हा सभा ठरली. मी खूश!

दारात मल्लिनाथ भेटला. "अण्णा, लई झ्याक बोलला की!"

"तुझं स्टेडियम अडवलं, तरी कौतुक करतोस व्हय?"

"स्टेडियम होईल तवा होईल. तुमी रविवारी असंच बोला, लोक पेटले पायजेत."

असं म्हणून त्यानं माझ्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक उलटून लेबल दाखवलं. जन्मभर टॉवेल विकले, पण सत्काराच्या नादात हे बघायचं राहिलंच होतं.

"सभेचा सगळा माल आमच्याच दुकानातला हाय, अण्णा."