वरचे मजले

(दुपार. पलंगावर उघडी बॅग, भोवती कपड्यांचा ढीग.)

बायको: अहो, नुसते खांबासारखे उभे राहू नका. बोटीवर रात्रीच्या जेवणाला कोणती साडी नेसू, तेवढं तरी सांगा. लेक म्हणते, एक दिवस सगळे नटूनथटून येतात.

नवरा: कुठलीही नेस. कोण बघतंय.

बायको: कोण बघतंय? बायका अशा नटतात, झुंबरं अशी लखलखतात, हे पत्रांतून तुम्हीच लिहायचात ना? आता माझी पाळी आली तर कोण बघतंय!

नवरा: मी काय म्हणतो, तुम्ही मायलेकीच जाऊन या. मला आता बोटीचं नावसुद्धा नको.

बायको: लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पोरीनं तिकिटं काढलीत. नवऱ्याला घरी ठेवून कसला वाढदिवस करू? बरं, हे बघा. तिनं बोटीचा नकाशा छापून दिलाय. तुमच्याच कंपनीची बोट आहे. यात तुमचं रिसेप्शन कुठे?

नवरा: हे... इथे. वरच्या मजल्यावर.

बायको: इथे तर पोहायचा तलाव दाखवलाय.

नवरा: मग खालच्या मजल्यावर असेल.

बायको: असेल? बावीस वर्षं उभे होतात तिथे! माझ्या शिवणवर्गातली कपाटं मी अजून डोळे मिटून दाखवीन.

नवरा: झालं तुझं सुरू. आण ते टॉवेल इकडे, मी भरतो. नाहीतर संध्याकाळ होईल.

बायको: ...थांबा. परत करा.

नवरा: काय परत करू?

बायको: आत्ता घातलीत ती घडी. दोन झटक्यांत, टॉवेलकडे न बघता, चारही कडा जुळवून. हा दुसरा घ्या.

नवरा: काय पोरखेळ लावलायस.

बायको: घरात कधी रुमालाची घडी घातली नाहीत तुम्ही. चादर वाळत टाका म्हटलं की उठून बाहेर जायचात. मला वाटायचं, साहेबी थाट. रिसेप्शनवरच्या माणसाला हे कुठून येतं?

नवरा: येतं.

बायको: कुठून?

नवरा: लॉन्ड्रीतून.

बायको: म्हणजे?

नवरा: म्हणजे रिसेप्शन नव्हतं. कधीच नव्हतं. सगळ्यात खाली, इंजिनाच्या शेजारी लॉन्ड्री होती. खिडकी नाही, काही नाही. रोज हजारांनी टॉवेल, तेवढ्याच चादरी. बंदरं आली-गेलेली कळायची ती इंजिनाच्या आवाजावरून.

बायको: आणि तो फोटो? कोट घातलेला?

नवरा: वेटरचा कोट होता. इस्त्रीला आलेला. पाच मिनिटं घातला.

बायको: झुंबरं?

नवरा: वरची पोरं सांगायची. मी लिहायचो.

बायको: मी तुमचा हेवा केला हो. इथे नळाला पाणी नसायचं, सासूबाई अंथरुणावर, आणि माझा नवरा तिकडे झुंबराखाली उभा. जळायचे मी. ज्याच्यावर जळले तो माणूसच नव्हता म्हणायचा.

नवरा: तुझ्या वडिलांना सांगून बसलो होतो, हुद्द्याची नोकरी आहे म्हणून. मग तेच ओढत राहिलो. आता झालं गेलं, सोड.

बायको: सोडते. एकच सांगा. आपला थोरला गेला तेव्हा.

नवरा: नको तो विषय.

बायको: तापानं फणफणला होता, चार वर्षांचं पोर. मी तार केली. दोन दिवस माझ्या मांडीवर होता. तुम्ही आलात दीड महिन्यानं. म्हणालात, कॅप्टननं सोडलं नाही. तुझ्याशिवाय बोट चालायची नाही, असं म्हणाला. बरोबर?

नवरा: ...कॅप्टनला मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

बायको: मग कोणी अडवलं?

नवरा: कोणी नाही. मुकादम म्हणाला, उद्या बंदर आहे, उतरायचं तर उतर. पण परत येऊ नकोस, तुझ्या जागेवर दुसरा उभा राहील.

बायको: आणि तुम्ही?

नवरा: नोकरी गेली असती तर त्याच्या औषधालाच...

बायको: तुम्ही काय केलंत, ते विचारतेय.

नवरा: नाही उतरलो. वाटलं, ताप आहे, उतरेल. पोरांना येतो ताप.

बायको: लोक मला टोचून बोलायचे. बाप आला नाही पोराला बघायला. मी भांडायचे त्यांच्याशी! म्हणायचे, त्याच्यावाचून अख्खी बोट अडते, तुम्हाला काय कळणार. तेवढ्या एका वाक्यावर मी उभी राहिले इतकी वर्षं.

नवरा: मीही रडलोय तिथे. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही.

बायको: तिकडे तुमच्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं. अडत होतं ते इथे.

नवरा: आता म्हणालीस तर पाया पडतो. तिकिटं रद्द करायला सांगू तिला?

बायको: काय कारण सांगणार? तिच्या शाळेतल्या निबंधात तुम्ही होतात. ‘माझे बाबा बोटीवर अधिकारी आहेत.’ पस्तिशीला आलेल्या पोरीला आता खरं सांगणार?

नवरा: मग काय करायचं?

बायको: जायचं. पण तिथे माझ्या शेजारी उभं राहून हे बघ, ते बघ करू नका. माझं मी बघेन.

नवरा: फोन वाजतोय. तिचाच असेल.

बायको: द्या इकडे. ...हॅलो. बोल गं बाळा. हो, झालीच बॅग भरून. ...आवाज? सर्दी झालीये जराशी. ...बाबा ना? आहेत की इथेच. नाही गं, त्यांची कसली धांदल. त्यांना काय नवीन आहे त्यात.