टॉर्पेडोवरचा बिछाना

हॅलो?… हो, बील्स फोटो स्टुडिओच. बोला लवकर, ही लाईन मोकळी ठेवायचीय मला… कोण? जरा मोठ्यानं… क्विम्बीबाई? मेनहून?… अहो, आधी रडू नका. काय झालं?

हो… हो, पाहिला मी सकाळचा पेपर. आमच्याच साहेबांनी काढलेला फोटो तो… हो, 'व्हाइट पर्च' पाणबुडीवरचाच. काल दुपारी बुडी मारली, अजून वर आलेली नाही. रेडिओवर सांगतायत तेवढंच मलाही ठाऊक…

काय? बिछान्यावर हसत पडलेला?… तो तुमचा मुलगा, डेल?

अगं बाई! अहो ऐका, ऐका ना! डेल त्या पाणबुडीवर नाहीच आहे!… नाही हो, समजूत घालत नाहीये. काल संध्याकाळी आला होता इथे, आईला पाठवायला प्रत हवी म्हणून. मीच दिली. त्याची पाणबुडी इथे ग्रोटनला गोदीत उभी आहे, डागडुजीला…

मग फोटोत कसा? अहो, गादीवाल्या कंपनीची जाहिरात होती ती. पाणबुडीत जागा नसते, म्हणून टॉर्पेडोवर, त्या भल्यामोठ्या पाणसुरुंगावरच बिछाना टाकतात; तिथे झोपूनसुद्धा खलाशाला कशी गाढ झोप लागते, असं दाखवायचं होतं त्यांना… हो, पण तिथे जो रोज झोपतो ना, त्याचं नाक मोडलेलं, पुढचे दोन दात गायब. बील्ससाहेब म्हणाले, हे तोंड बघून कोण गादी घेईल? मग शेजारच्या पाणबुडीवरून तुमच्या राजबिंड्याला आणलं बोलावून. पेपरवाल्यांनी तोच जुना फोटो उचलला नि छापला…

शपथ घेऊ? बरं, पेपर आहे ना समोर? त्याचे पाय बघा. गादीबाहेर लोंबतायत की नाही? स्वतःच्या बिछान्यात असं झोपतं का कुणी? आणि ती उशी… काठाला वेलबुट्टी दिसतेय?… ती माझ्या हातची आहे.

…हो. माझा नवरा. वेंडेल… हो, तोच, मोडक्या नाकाचा. कालपासून खाली आहे… घरी फोन नाही आमच्या, म्हणून नौदलाच्या तळावर इथला नंबर दिलाय.

छे हो, तुम्ही माफी कसली मागताय! तुमचा तरी जीव भांड्यात पडला ना?… हो, ठेवा आता. लाईन मोकळी हवी…

नाही, थांबा! क्विम्बीबाई, ठेवू नका!… मला भीती वाटतेय हो. तुम्ही बोलताय तोवर ही घंटा वाजणार नाही. सकाळपासून वाज, वाज म्हणत बसलेय, आणि आता वाजूच नये असं वाटतंय… काहीही सांगा. डेल लहानपणी काय खायचा ते सांगा…

हं… ब्लूबेरी… हं… शर्टाला पुसायचा? सगळा जांभळा?… वेंडेलही तसलाच. अजून पडद्याला हात पुसतो मेला…

हो… हो, कळतंय मला. तो वर आला असेल, आणि मीच लाईन अडवून बसलेय… हो. ठेवायलाच हवा…

नाही हो, माझ्यानं नाही ठेववत. आधी तुम्ही ठेवा… ठेवा ना हो…