कुवाहाताची उडी

नाही, नाही, ती कॅसेट पर्समध्येच राहू दे. आधी कॉफी घ्या. लावू की — कुठं पळून जातेय — चाळीस वर्षं तुमच्या वडिलांच्या कपाटात पडून होती, आणखी अर्ध्या तासानं काय बिघडतंय? बसा अशा, खिडकीकडं. स्टेशनवरून चालत आलात वाटतं, केस भिजलेत धुक्यानं. ओबिनाता म्हणालात ना? कागदगिरणीतले ओबिनाता — अहो, ओळखत नाही कसा! ती शेगडीशेजारची खुर्ची त्यांची. दर शनिवारी दुपारी यायचे, एक कॉफी, एक चिठ्ठी — इथं रेकॉर्ड हवी असली की चिठ्ठीवर लिहून द्यायची, तोंडानं बोलायचं नाही, ती पाटी बघा, मीच लिहिलीय — आणि मग दोन तास डोळे मिटून. बदली होऊन गेले तोवर आम्ही दोघं एकमेकांशी दहा वाक्यं बोललो नसू. आणि अशा माणसानं माझ्या दुकानात कोटाखाली रेकॉर्डर लपवून आणावा! गरीब गाय वाटायचे हो. नाही, रागावलो नाही. आता कुणावर रागवायचं, ते गेले, कुवाहाता गेला, सगळे गेले, मी एकटा कप विसळतोय.

तुम्ही विचारलंत ते ऐकलं मी. येतो त्यावर. आधी तो दिवस ऐका — ऑक्टोबर, रविवार, दुपारचे चार. कुवाहाता तोक्योहून कार्यक्रम करत निघालेला, साप्पोरो झालं, ओबिहिरो झालं, शेवटी आमचं कुशिरो. सॅक्सोफोनची पेटी एका हातात, दुसऱ्या हातात लिंबाची पिशवी — का लिंबं ते विचारायचं राहिलंच. इथं माणसं मावतात सव्वीस. मोजून सव्वीस खुर्च्या टाकल्या होत्या. आणि आजवर मला भेटून ‘मास्टर, मी होतो त्या दिवशी’ म्हणणारी माणसं किती असतील? दीडशे. परवा एकजण आला, वय वर्षं पंचवीस, म्हणतो मी आईच्या पोटात होतो. हिशेब केला तर आईच दहा वर्षांची निघाली. पण मी कुणाला खोटं पाडत नाही. माणसाला असावंसं वाटतं तिथं. त्यात डिसेंबरात कुवाहाता हाकोदातेच्या एका हॉटेलात झोपेतच गेला, चौतीस वर्षांचा, आणि माझ्याकडचं ते रीळ त्याचं शेवटचं वाजवणं ठरलं. माझ्या हातांनी भरलेलं — ते मोठं यंत्र अजून आहे बघा, कापडाखाली — तीन वर्षांनी त्याची रेकॉर्ड निघाली, आणि तेव्हापासून या गल्लीत लोक येतात ते कॉफीसाठी नाही.

उडीसाठी येतात. आमच्याकडं ‘कुवाहाताची उडी’ म्हटलं की शाळकरी सॅक्सोफोनवाल्यालाही कळतं. ती दुसऱ्या बाजूची संथ चीज — दोन आवर्तनं तो इतकं हळू वाजवतो की लाकडी फरशीचं करकरणं ऐकू येतं — खाली, अगदी खाली, श्वासच उरलाय नुसता — आणि तिथून एकदम, मधली एक पायरी न घेता, वर. टोकाला. अंगावर काटा येतो. आमचे दातांचे डॉक्टर हिरुमा, त्यांनी या उडीवर एका मासिकात अकरा पानं लिहिली. मरणाची चाहूल लागलेला माणूसच असा वाजवू शकतो म्हणे. दर ऑक्टोबरात इथं सगळे जमतात, ती बाजू लावतो, उडीच्या आधी सव्वीसच्या सव्वीस माणसं श्वास रोखतात, आणि ती आली की डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसतात. दरवर्षी. मी काउंटरमागं उभा असतो, मान खाली घालून. लोकांना वाटतं, मास्टरला भरून आलंय.

आणि तुम्ही सांगताय तुमच्या कॅसेटवर उडी नाहीच.

नसेलच की. उडी मी मारलीय. ब्लेडनं. एवढी तिरकी चीर, इकडची बाजू तिकडच्या बाजूला चिकटवली, वरून नख फिरवलं, झालं. बावन्न सेकंद. जवळजवळ दहा मीटर टेप निघाली मधून, शेगडीत घातली. दोन दिवस दुकानात जळक्याचा वास होता. कुणाला म्हणून सांगितलं नाही, कंपनीच्या माणसानं विचारलं, ‘रीळ जसंच्या तसं आहे ना मास्टर?’, मी म्हटलं, ‘जसंच्या तसं.’ तुम्ही दारात उभं राहून कॅसेटचं नाव काढलंत तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, आली. चाळीस वर्षांनी का होईना, जाब विचारणारी आली. आणि तुम्ही काय विचारलंत? तर, ‘मधे गुणगुणते ती बाई कोण?’

कोण म्हणजे, माझी बायको. नात्सुए.

अहो, तिला जॅझमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नेमुरोकडची, समुद्रावरची. कोम्बू वाळत घालणाऱ्यांच्या घरातली. ती लांबच लांब समुद्री पानं दगडांवर पसरताना त्या बायका काहीतरी गुणगुणत असतात, शब्द नाहीत, काही नाही, कामाला लय म्हणून. ते तिच्या तोंडात बसलेलं. कप विसळताना, भात धुताना, कुठंही. मला वीट यायचा. मी माणसांना बोलू देत नाही इथं आणि काउंटरमागून ही! किती वेळा सांगितलं — ‘नात्सुए, गिऱ्हाईक आहे.’ ‘नात्सुए, रेकॉर्ड चालू आहे.’ ती म्हणायची, ‘अगं बाई, हो का,’ आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. तिच्या लक्षातच यायचं नाही. त्या दिवशी तसंच झालं. दुसरं आवर्तन संपत आलं, कुवाहाता अगदी खाली उतरला, सगळे पुतळे झालेले, आणि ही बशा पुसता पुसता लागली. नंतर भानावर आली, थांबली आपली आपण. पण टेपवर गेलंच ना. मग काय करणार, कापलं. एवढ्या मोठ्या माणसाचं शेवटचं वाजवणं, त्यात बशा पुसणाऱ्या बाईची गुणगुण ठेवायची? तुम्हीच सांगा. कुणीही कापलं असतं.

घ्या ना, निवतेय कॉफी.

नाही, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तुम्ही ऐकलंय, तुमच्यापुढं कशाला लपवू. नुसती ती नाही गुणगुणत त्यात. तो ऐकतो तिचं. पहिल्यांदा तो तिच्या खालून गेला, अंदाज घेत, कोण आहे बघू या तरी. मग तिचीच ओळ उचलली आणि परत दिली तिला. आणि नात्सुएनं — अहो, जिला सॅक्सोफोनचं तोंड कुठलं नि बूड कुठलं ते माहीत नाही — तिनं ती घेतली आणि पुढं नेली. मान वर केली तिनं. हातात फडकं तसंच. तो तिकडून, ही इकडून, आणि मधे आम्ही सव्वीस माणसं असून नसल्यासारखी. मी यंत्रापाशी होतो, कानाला हेडफोन, त्यामुळं दोघंही माझ्या डोक्याच्या आत. मी तिला आठ वर्षं ओळखत होतो आणि हा आवाज तिच्याजवळ आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलंच नव्हतं. डोक्यात अशी तिडीक गेली. चीज बिघडली म्हणून नाही हो. चीज बिघडली नव्हती. मी चार हजार रेकॉर्डी ऐकल्यात, त्या बावन्न सेकंदांसारखं काही नाही त्यांत — आणि ते माझ्यासाठी नव्हतं. म्हणून कापलं. बास. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं हे, तेही कागदगिरणीतल्या ओबिनातांच्या मुलीसमोर.

रेकॉर्ड आली तेव्हा मीच तिला बोलावलं, ‘ये, बस, ऐक.’ तिथंच बसली होती, तुम्ही बसलात तिथं. उडी आली. गेली. चीज संपली. तिनं माझ्याकडं बघितलं, उठली, कप गोळा केले. आणि त्यानंतर, ओबिनाता-सान, ती गुणगुणली नाही. एकदाही नाही. मला पहिला महिनाभर कळलंच नाही; नंतर एकदा ती भात धूत होती आणि नुसता पाण्याचा आवाज ऐकू येत होता, तेव्हा कळलं. वाटलं, बरं झालं. खरंच वाटलं तसं. मग वाटलं, होईल सुरू. मग मी पाळतीवर राहायला लागलो. न्हाणीघराच्या दाराशी उभा राहायचो. तिच्या माहेरी गेलो मुद्दाम, त्या बायकांमध्ये कोम्बू पसरायला बसवली तिला — त्या सगळ्या गुणगुणतायत आणि ही मुकाट्यानं पानं सरळ करतेय. हसायची, बोलायची, मला कधी टाकून बोलली नाही. ‘का गं गात नाहीस?’ एवढं एक विचारायला हवं होतं, चार शब्द. माझी जीभ उचलली नाही, कारण तिनं विचारलं असतं, ‘काय जळत होतं त्या दिवशी शेगडीत?’

गेल्या फेब्रुवारीत गेली. आजारी होती, झोपलेली, मी शेजारी. तेव्हा तरी वाटलं, तंद्रीत म्हणेल काहीतरी. नाही.

आणि आता गंमत बघा. या भिंतीवर सगळ्या जगाचे आवाज आहेत. मेलेल्या माणसांचे खोकले आहेत, हॉटेलातल्या बशांचे आवाज आहेत, न्यूयॉर्कमधली कोण कुठली बाई टाळ्या संपल्यावर हसते ते मला पाठ आहे. आणि माझ्या बायकोचा आवाज नाही. कुठंच नाही. फोनच्या निरोप घेणाऱ्या यंत्रात मी बोलतो. भाचीच्या लग्नाच्या फिल्ममध्ये ती नुसती मान लववते. वर्षभर शोधतोय. रात्री अंथरुणात पडून आठवायला जावं तर तिचा चेहरा येतो, हात येतात, आवाजाच्या जागी मी कापलेलं तेच येतं, उडी. खालून एकदम वर. मधलं काही नाही.

म्हणून म्हणतोय, नका काढू ती कॅसेट. माझ्या यंत्राचा भरवसा नाही, टेप चावतं — खरं सांगू? यंत्र चांगलं आहे. माझाच भरवसा नाही.

काय म्हणालात?

रोज? तुम्हा दोघी बहिणींना झोपवायला? — म्हणजे ओबिनाता रात्री दिवा घालवून हीच कॅसेट — किती वर्षं? — अरे देवा. आणि तुम्ही तुमच्या मुलालाही? यंत्राशिवाय, नुसतं तोंडानं?

म्हणजे ती तिकडं गात होती. सगळी वर्षं. मी इथं न्हाणीघराच्या दाराला कान लावून आणि ती तिकडं गिरणीच्या चाळीत, दोन पोरींच्या उशाशी.

म्हणा ना. एकदा. कॅसेट राहू दे, तुम्हाला येतंय तर तुम्हीच म्हणा. लाजू नका, दुकानात कोण आहे? मी तिकडं तोंड करून उभा राहतो.

...

हां.

...

का थांबलात? थोडं पुढं — नाही? तिथंच संपतं कॅसेटवर?

हो. तिथंच. माहीत आहे मला. मघाशी म्हटलं ना, ती आपणहून थांबली? नाही थांबली. मी हेडफोन काढून ठेवला, गेलो काउंटरमागं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. असा. ओळ अर्धी होती. तिचा श्वास लागला हाताला, गरम. आणि कुवाहाता वाट बघत राहिला, सॅक्स ओठाला तसाच धरून, आमच्याकडं बघत, तिनं पुढचं म्हणावं म्हणून. ती जी शांतता आहे ना तुमच्या कॅसेटवर, टेप बिघडलीय असं वाटत असेल तुम्हाला, ती ही. मग त्यानं तो वरचा सूर लावला. माझ्यावर लावला तो.

नाही, माझं काही नाही. ठीक आहे मी. कॅसेट घेऊन जा, बाई, तुमच्या घरची आहे ती. निघा तुम्ही, चारची गाडी गाठायचीय. फक्त एवढं करा — जाताना ते म्हणत जा. पहिल्यापासून. जिना उतरेपर्यंत, गल्लीच्या टोकापर्यंत, जमेल तिथपर्यंत. तिथं आलात की थांबू नका, पुढचं काहीही म्हणा, तुम्हाला सुचेल ते. मागं वळून बघू नका. दार मी उघडं ठेवतो.