दुसऱ्या भाताच्या काडीनं बांधलेली पेंढी

मंडळी, चांगुणामावशींना जाऊन आज दहा दिवस झाले. त्यांच्याबद्दल बोलायला तुम्ही मला उभं केलंत. मी भातावर संशोधन करणारा माणूस, वर्गात तासभर सहज बोलतो. आज मात्र अडखळलो तर सांभाळून घ्या.

बारा वर्षांपूर्वी मी अकोले तालुक्यातल्या या तुमच्या गावात भाताचा एक नवा वाण लावून बघायला आलो. मावशींनी वरचं, पाणी न टिकणारं खाचर दिलं. त्या साली भाद्रपदात पावसानं ओढ दिली. शेजारचं भात करपलं, आमचं हिरवं राहिलं. मी हवेतच होतो. कापणी झाली आणि मावशी पेंढ्या बांधायला बसल्या. तुम्हाला ठाऊकच आहे, भाताच्याच काड्यांना पीळ देऊन पेंढी बांधायचा बंद करायचा. त्यांनी पीळ दिला, काडी कटकन मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली. मग मूठभर काड्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, ‘‘सायब, तुमी बांधून दावा.’’

मला नाही जमलं.

प्रयोगशाळेत कारण सापडलं. झाडाच्या प्रत्येक पेशीला भिंत असते. या वाणात ती भिंत घडवणारं एक जनुक वेगळं आहे. त्यामुळं काडी ठिसूळ होते, आणि त्याच जनुकामुळं झाड पाण्याचा ताण सोसतं. एक ठेवून दुसरं काढता येईना. चार वर्षं झटलो. मग वहीत ‘नापास’ लिहिलं आणि मावशींना तसं सांगायला आलो. खरं सांगतो, नापास मी झालो होतो, शेरा भाताला दिला.

मावशींनी ऐकून घेतलं. चहा दिला.

पुढं तीन वर्षं मी इकडं फिरकलो नाही. आलो तेव्हा वरच्या खाचरात तेच भात उभं. आणि बांधाकडेला चिवट काडीच्या जुन्या भाताची एक ओळ. ही कशाला, मी विचारलं. मावशी हसल्या. ‘‘ह्याच्या काडीनं त्याला बांधायचं. समद्यांनी समदं करायचं आसतं व्हय?’’

एवढं साधं, आणि मला सुचलं नाही. माझा वाण जगला तो त्या एका ओळीमुळं. हे मी त्यांना विद्यापीठात बोलावून, चारचौघांत सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो. आज चारचौघं आहेत, मावशी नाहीत. फार वाईट वाटतं.

फोटोजवळची ही पेंढी त्यांनी बियाण्यासाठी बांधून आढ्याला टांगली होती. बंद बघा, जुन्या भाताचा आहे. त्यांची सून पार्वती काल मला म्हणाली, ‘‘आत्याबाईंच्या हातची गाठ हाय, सोडवत न्हाई.’’ मलाही सोडवली नसती. पण आठवड्याभरात रोपं टाकायची वेळ येईल. गाठ तशीच राहिली, तर मावशींचं भात आढ्यालाच राहील.

म्हणून विनंती करतो. सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. आणि मग पार्वती, तू पुढं ये, आणि आमच्या सगळ्यांसमोर ती गाठ सोड.