सव्वादोनचा झेंडा

हॅलो?

हॅलो… कोण? … अगं, तू होय. थांब हं जरा, फोन निसटतोय. हात ओले आहेत… पाय बादलीत घालून बसलेय. गार पाण्यात… हो, स्वयंपाकघरातच. बाहेरच्या खोलीत बसले तर फरशी पुसायला कोण येणारे?

हां. बोल आता.

नाही गं, मघाशीच आले. बूट काढले, मेडल फ्रीजवर टाकलं, उभ्या उभ्या एक केळं खाल्लं… हो, दिलं मेडल. सगळ्यांनाच देतात. झेंडेवालीला काय वगळणार?

तुझ्याकडे कसला आवाज येतोय? … मिक्सर? रविवारी सकाळी सकाळी? … बरं. नात झोपलीय का? … नात झोपलीय आणि मिक्सर चालूय. धन्य आहे तुमच्या घराची.

अगं हो, सांगते ना. तेच सांगायला तर पोचल्या पोचल्या तुला फोन केला, तू उचललाच नाहीस. … असेल, बाळाचं करत असशील. सगळं सांगू? पहिल्यापासून? … आज बराच वेळ दिसतोय तुला. एरवी दोन मिनिटांत 'ठेवते गं, ती उठली' करतेस. … नाही, नाही, टोमणा नाही मारत. मारला तरी तुला लागतो कुठे?

हं. तर पाठीला ती पट्ट्यांची पिशवी बांधतात. तिच्यात काठी खोचलेली, काठीला झेंडा, आणि झेंड्यावर ठळक लिहिलेलं, सव्वादोन तास. म्हणजे अर्धमॅरेथॉन ज्यांना सव्वादोन तासांत संपवायचीय त्यांनी माझ्यामागून यायचं. मी पुढे सुटायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही. … हो, घड्याळच. तू ठेवलेलं नाव एकदाचं कामी आलं बघ.

भीती? … छे. … बरं, वाटली. तुझ्याशी कशाला खोटं बोलू? आपल्यापुरतं पळताना चुकलं तर आपलंच चुकतं. इथे मागे एवढी माणसं… रात्रभर झोप नाही. अंथरुणात पडून श्वास मोजत होते.

तू असतीस तर बरं झालं असतं. … काही नाही, म्हणतेय आपलं.

तुला एक सांगितलं नाही मी. मागच्या महिन्यातली दहा किलोमीटरची शर्यत… हो, तीच. छान झाली म्हणाले होते ना? कसली छान. सुरुवातीलाच सुसाट सुटले. शेजारून 'घड्याळा, दमानं घे' म्हणणारं कोणी नाही. मग पोटात कळ आली आणि शेवटी चालत आले, कमरेवर हात ठेवून. … काय सांगायचं त्यात? तू तिकडे दुधाच्या बाटल्या उकळणार की माझं रडगाणं ऐकणार?

मग म्हटलं, आपल्यापुरतं पळणं जमत नाहीये ना, दुसऱ्यांसाठी पळू. म्हणून घेतला झेंडा.

… हो, उठते ना. रोज. थंडी गेली आता इकडची, हातमोजे आत टाकले. कालव्याच्या कडेची झाडं बघशील तर… सगळी कोवळी पानं. अजून मी त्या रस्त्याने उजव्या कडेनेच पळते. डावीकडे तुझी जागा. … सवय गं. तुझा डावा कान अधू, तू डावीकडे, मी उजवीकडे. आता कोणाशी बोलायचं नाही तरी उजवीकडेच. परवा एक सायकलवाला खेकसला, बाई, एवढा रस्ता मोकळा कोणासाठी सोडलाय? … काय बोलणार? सरकले मधे. त्याच्यामागून परत कडेला.

आणि ते आपलं साडेपाचचं आहे ना, त्यावर चाललंय माझं. तू तिकडे साडेपाचला निघतेस, मी इकडे. टाकीचा चढ आला की मनात म्हणते, तीही आत्ता कुठल्यातरी चढावर धापा टाकत असेल. मग चढते.

… का गं? गप्प का झालीस?

… नाही, ऐकू येतंय. मला वाटलं फोन गेला.

दुकान ना, चालूय. तेच. दिवसभर माणसं माझ्या अगदी तोंडासमोर बसतात. नाकावर चष्मा ठेवते, कानामागची दांडी वाकवते, विचारते, टोचतंय का. पण माझ्याकडे कोणी बघत नाही गं. आरशात बघतात. … बघणारच, चष्मा त्यांचा. आणि घरी आलं की मी नि फ्रीज. त्यातल्या त्यात तो तरी गुरगुरतो. … हस तू.

बरं, मुद्द्याचं सांग. आज रात्री नोंदणी बंद होतेय. … कसली काय? मोठीची. बेचाळीसची. पानगळीतल्या मॅरेथॉनची. उद्यापासून तयारी सुरू करायचीय आपल्याला. तू तिकडे कर, मी इकडे करते, आणि आदल्या दिवशी ये. ठरलंय आपलं. एकदा तरी बेचाळीस बरोबर, एका रेषेवर दोघींनी… तूच म्हणाली होतीस, जाताना, टेम्पोत सामान चढवताना. … विषय बदलू नकोस. … नंतर म्हणजे कधी? मी दोघींचे पैसे भरून टाकते, तू नुसतं हो म्हण. … आधी शर्यत? बरं. आधी शर्यत ऐक, मग हो म्हण.

तर सुटलो. अंधुक होतं. सुरुवातीला नुसती चेंगराचेंगरी. मागे कोण आहे, किती आहेत, काही कळत नव्हतं, नुसते पाय ऐकू येत होते. … हो, वळून बघायचं नसतं. मान वळवली की पट्टा सरकतो आणि काठी मागच्याच्या डोळ्यात. सुरुवातीलाच बजावलं होतं आम्हाला. मग मी आपली पुढे बघून बडबडत होते. खांदे सोडा. पाणी घ्या. चढावर डोकं खाली. सगळी तुझी वाक्यं.

मस्त माणसं होती. एक शिंपी होता, दर पाण्याच्या टेबलाशी मला विचारायचा, बाई, वेळेत आहोत ना? गिऱ्हाईकांना स्वतः कधी वेळेत कपडे दिले नसतील. आणि एक सासू-सून. सून सारखी, 'आई, झेपतंय का?' आणि सासू, 'तू तुझं बघ.' … हो ना, मलाही फार हसू आलं.

मग पूल आला आणि वारा. काठी झाली सैल. झेंडा आडवा होऊन सगळ्यांच्या तोंडावर. पळता पळता कशीबशी बांधली मी. … हो, केसांचं रबर काढून. मग काय, सगळे केस तोंडावर, घामाला चिकटलेले. हडळीच्या मागून चाललेत असं वाटलं असेल लोकांना. … हसतेस काय. पण वेळ चुकू दिली नाही.

आणि शेवटचे दोन किलोमीटर राहिले तेव्हा मी ओरडले, ज्यांच्यात दम आहे त्यांनी आता जा. माझ्यासाठी थांबू नका. … तेच काम असतं गं. मी माझं काम नीट केलं तर सगळे मला सोडून जातात. … गेले ना. शिंपी गेला. सून गेली, मग सासू तिच्याही पुढून गेली. एकेक करून सगळे, पाठीवर थाप मारून. बरं वाटत होतं. आणि… कसंतरीही होत होतं. … नाही, रडत नाहीये. गार पाण्यात पाय घातले की नाक वाहतं माझं.

पण एक जण गेलं नाही.

मागेच. अगदी चार पावलांवर. एक पाय धड पडायचा आणि दुसरा घासत यायचा. टप, खर्र. टप, खर्र. … बाई की बुवा, देव जाणे. चीड आली मला, खरं सांगते. माझी लय बिघडवत होतं ते. मी हात मागे करून खूण केली, जा बाबा पुढे. नाही गेलं. परत केली, जरा जोरात. हाकललंच म्हण ना. तरी आपलं टप, खर्र.

… हॅलो? आहेस ना?

मग रेषा आली. सव्वादोनला अर्धं मिनिट कमी. अगदी काटा. आणि कोणाचं लक्षही नाही. माझी माणसं पुढे घोळक्याने फोटो काढत होती, त्यांच्या घरचे आले होते. मी उभी, पाठीला झेंडा, तोंडावर केस. म्हटलं निदान त्या खर्रवाल्याला हात द्यावा, शेवटपर्यंत सोबत केली बिचाऱ्याने. वळले तर नुसती गर्दी.

… अगं, बोल ना काहीतरी. मीच बोलतेय मघापासून.

… काय छान झालं?

थांब. … थांब जरा. मघाशी रबराचं तू म्हणालीस. मी नुसतं काठी बांधली म्हटलं. कशाने ते तू सांगितलंस. … फोटोत? फोटो रात्री येणार आहेत.

आणि तो मिक्सर नाहीये. केव्हाचा चालूय. … घंटी वाजली आत्ता. कोणीतरी 'पुढे सरका' म्हणालं.

कुठे आहेस तू?

… कुठल्या बसमध्ये?

…

तो पाय तुझा होता?

… कधीपासून? … म्हणजे तिकडे गेलीस तेव्हापासूनच. मग रोजचं साडेपाचचं काय होतं? … उठत होतीस. … खिडकीत? … किती वेळ? … मी घरी पोचेपर्यंत. चहा न घेता. अगं बाई.

हाडांचा डॉक्टर काय म्हणतो? … गुडघ्याची गादीच झिजलीय. … म्हणजे आता कधीच नाही? … आणि तसल्या गुडघ्यावर तू एकवीस किलोमीटर… वेडी आहेस का? … शेवटचं कशाला माझ्यामागून पळायचं होतं? टीव्हीसमोर बसून… बरं, बरं, ओरडत नाही. सुजलाय का? बर्फ आहे जवळ? … बसमध्ये कुठला बर्फ असणार, हो. लेकीला काय सांगून आलीस? … मैत्रिणीकडे जाते म्हणून. … खोटं नाही म्हणा.

हाक का नाही मारलीस?

… हो. थांबले असते. … थांबलेच असते मी, झेंडा पाठीवर होता हे विसरून. … हो, ते सगळे उशिरा पोचले असते. कळलं. बरोबर केलंस. पण रेषेनंतर? रेषेनंतर कसला आलाय झेंडा? पाच मिनिटं… बस होती. … ते नको सांगूस. बस दुसरी मिळते. … तोंडावर नसतं सांगता आलं. … हं. … हं, मलाही नसतं ऐकता आलं.

आठ वर्षं तुझे पाय ऐकलेत गं मी. अंधारात, धुक्यात. तू वळणावरून यायचीस तेव्हा दिसायच्या आधी कळायचं मला. आणि आज चार पावलांवर होतीस आणि मी तुला हात करून हाकलत होते. … नाही, नको समजूत काढूस. तुझी फार आठवण येते मला. रोज येते. दहाच्या शर्यतीचं खोटं बोलले तसंच हेही, चाललंय माझं, चाललंय माझं. काही चाललेलं नाही.

तू उतर. पुढच्या थांब्यावर उतर, मी येते. पाय पुसते आणि… कधी निघाली बस? … मग बरीच लांब गेलीस. … हो. नात उठली की तुलाच शोधते, माहितीये मला. … नाही, रागावले नाही. तुझ्यावर नाही.

काय? … कसला बोगदा? किती मोठा आहे? … मग आधी ऐक. ऐक ना. तुझे पैसे नाही भरत. माझे… माझंच कळत नाहीये. एकटीने बेचाळीस मला… अगं, ऐक. तू ये. पळायला नाही, नुसती ये. शेवटच्या वळणावर कठड्याशी खुर्ची टाकून बस आणि मला हाक मार. मोठ्याने. झेंडा नसेल पाठीवर, मी वळून बघेन. येशील का? … काय? तुटतंय… नुसतं हो की नाही ते सांग. येशील का?

हॅलो?

… हॅलो?

अगं…

…

गेली बोगद्यात.

…

उद्या साडेपाचला निघते मी. खिडकीत बस तू.