नाल्यापल्याडचं निशाण

तो बाण मी आजही इसरलो नाही गड्या. जळगाव जामोदकडच्या जंगलात आमची धनुर्विद्येची निवड चाचणी होती. तिथं अंतर लिहिलेलं नसते, नजरेनंच ताडा लागते. शेवटचा बाण उरला, अन् समोर नाला. नाल्यापल्याडचं निशाण हाय त्यापेक्षा जवळ दिसते. तीस मीटर का चाळीस? चुकला तर संघातून बाहेर!

माहा जोडीदार प्रवीण मागून म्हणे, "सोड ना बे, टाइम संपून राह्यला!"

चाळीस धरून सोडला. बाण बराबर मधात बसला! मी खुशीत वळलो, तं प्रवीण डोक्याले हात लावून उभा.

"अंतर बराबर ओळखलं बे," तो म्हणाला, "पण हे बाजूच्या गटाचं निशाण हाय. आपलं त्या सागाखाली होतं."